एका मोठ्या संख्येची परीक्षा

१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला अविभाज्य संख्या म्हणतात. लहान संख्येची ही परीक्षा क्षणात होते. परंतु संख्या मोठी झाली म्हणजे हाच साधा प्रश्न किती बिकट होतो, हे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येच्या इतिहासावरून दिसून येते.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर द फर्मा हा विधिज्ञ राहत असे. न्यायालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात तो गणिताचा व्यासंग करी. २ ही संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्या वर्गाचा पुन्हा वर्ग करावा, आणि अशा प्रत्येक संख्येत १ मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही अविभाज्य आहेत. त्यावरून ही मालिका कितीही लांबविली तरी तिच्यातील प्रत्येक संख्या अविभाज्यच असणार, असे मत फर्मा याने १६४० साली पत्रांतून कळविले. मात्र याची सिद्धता आपणास सापडलेली नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले होते.

मालिकेतील सहावी संख्या म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १. तीच ४,२९,४९,६७,२९७ होय. ती अविभाज्य आहे हे भागाकाराने ठरवावयाचे तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व, म्हणजे ६,५४२ अविभाज्य संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल. सुमारे नव्वद वर्षे हा प्रश्न तसाच राहिला. १७२९ साली गोल्डबाख याने लिओनार्ड ऑयलर याचे लक्ष फर्माच्या विधानाकडे वेधले, आणि १७३२ साली ऑयलर याने ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ इतकी असल्याचे दाखवून दिले. विधान कोसळले!

या संख्येच्या कोणत्याही अविभाज्य विभाजकाला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे, असा नियम ऑयलर याने पुढे सिद्ध केला. या नियमात बसणाऱ्या अविभाज्य संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येते. नियम ठाऊक नसता तर २, ३, ५ असे एकेक भागून पाहणाऱ्याला ६४१ पर्यंत पोहोचण्यास ११६ भागाकार करावे लागले असते.

लांबलचक भागाकार न करताही याचा पडताळा घेता येतो. ६४० ही संख्या ६४१ पेक्षा एकाने कमी आहे. म्हणून ६४१ ने भागताना तिची बाकी ‘उणे १’ मानता येईल. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. याचा चौथा घात केला की ५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात ही संख्या मिळते, आणि तिची बाकी १ होते. आता ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ पेक्षा १६ ने कमी. त्याची बाकी ‘उणे १६’, म्हणजेच उणे २ चा चौथा घात. ती त्याच्या जागी ठेवली असता उणे २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी १ येते. अर्थात २ च्या बत्तिसाव्या घाताची बाकी ‘उणे १’ ठरते, आणि त्यात १ मिळविताच बाकी शून्य होते.

मालिकेतील सातव्या संख्येचे अवयव १८५५ साली सापडले. तीही विभाज्यच निघाली. पहिल्या पाचांपलीकडे या मालिकेतील एकही अविभाज्य संख्या आजवर आढळलेली नाही; तशी ती असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, आणि एक उदाहरण विरुद्ध गेले की तो टिकत नाही. फर्मासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाचे अनुमानही या कसोटीतून सुटले नाही.