पाण्यात पडलेली बॅटरी : कोरडी झाली, पण बरी झाली का?

रेडिओवर चालणाऱ्या बोटींबद्दल बोलायला आम्ही उभे राहिलो की एक प्रश्न हमखास येतो. बोट उलटली, लायपो बॅटरी भिजली, पुसली, वाळवली. आता वापरू का? आजचं बोलणं या एकाच प्रश्नाभोवती आहे.

सुरुवात आमच्याच चुकीने करतो. कोकणातल्या एका खाडीत आमची बोट उलटली. पाच-सात मिनिटांत ती काठावर आली. बॅटरी काढली, टॉवेलने पुसली आणि पिशवीत टाकली. बाहेरून पाहिलं तर नव्यासारखी! रात्री घरी आमच्यातला एक तरुण ती चार्जिंगला लावायला निघाला होता. त्याआधी सहज मीटर लावला. तीन सेलपैकी दोन ३.९ व्होल्ट दाखवत होते, तिसरा ३.१. आम्ही बॅटरी अंगणात फरशीवर नेऊन ठेवली. सकाळी पाहतो तर तिसरा सेल उशीसारखा फुगलेला. चार्जर चालू होणार होता तो झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारी. त्या रात्री मीटर लावला गेला हे निव्वळ नशीब. म्हणून आज हे सांगायला उभे आहोत.

आता हे का झालं ते पाहू. लायपो सेल म्हणजे एक चपटी पिशवी. ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या प्लास्टिकची. आत धन आणि ऋण थरांची घडी, मध्ये पातळ पडदा, आणि ज्वलनशील सेंद्रिय द्रवात विरघळलेला लिथियमचा क्षार. पिशवीतून दोन पट्ट्या बाहेर येतात. धन बाजूची ॲल्युमिनियमची, ऋण बाजूची बहुधा निकेलची. असे तीन सेल एकापाठोपाठ जोडले की नाममात्र ११.१ व्होल्टचा पॅक होतो. पूर्ण भरल्यावर १२.६.

त्यात ऊर्जा किती? २२०० मिलिअँपिअर-तासांचा तीन सेलचा पॅक घ्या. त्यात सुमारे २४ वॉट-तास ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत पाव लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. ही झाली फक्त विजेची ऊर्जा. आतला द्रव पेटला की त्याची उष्णता वेगळी. आणि मोबाइलच्या बॅटरीत जसं रक्षण करणारं छोटं सर्किट असतं, तसं आपल्या छंदाच्या पॅकमध्ये सहसा नसतं. मोटरला एका क्षणात भरपूर प्रवाह हवा असतो, म्हणून ते ठेवत नाहीत. म्हणजे इथे पहारेकरी आपणच.

मग पाणी काय करतं? बऱ्याच जणांना वाटतं, लिथियमला पाणी लागलं की स्फोट. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकलेला पाहिलेला असतो ना! पण लायपोमध्ये लिथियम धातूच्या तुकड्याच्या रूपात नसतं, ते ग्राफाइटच्या थरांत शिरलेलं असतं. पिशवी शाबूत असेल तर पाणी आत जातच नाही. बोट बुडाल्याबरोबर धडाका झाला नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. खरा धोका पुढच्या तासांत आणि दिवसांत असतो.

तो सुरू होतो बाहेर, जोडांपाशी. बॅलन्स कनेक्टर आठवा, तो लहान पांढरा. त्याच्या पिना साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांच्यात सतत व्होल्टेज असतं. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट चांगलं वीजवाहक आहे. त्यामुळे पिनांमधून प्रवाह गळू लागतो, पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतात, आणि धन बाजूचा धातू झिजतो. पॅकवरचं प्लास्टिकचं आवरण पाणी बाहेर ठेवत नाही. उलट शिरलेलं पाणी धरून ठेवतं. आपण वरून पुसतो, खाली पट्ट्यांच्या सांध्यात मीठ तसंच. पाणी उडून गेलं तरी मीठ राहतं, आणि पावसाळी हवेतला दमटपणा ओढून पुन्हा ओलं होतं. एखादा सेल असा हळूहळू रिकामा होतो. तो ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं. पुढे चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

बारा व्होल्टमध्ये काय होतंय, असं वाटेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळाच्या वेळी न्यू जर्सीच्या नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा गाड्या समुद्राच्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या १६ गाड्या जळाल्या. कंपनीने सांगितलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आग मोठ्या लिथियम बॅटरीतून लागली नव्हती. साध्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या एका नियंत्रण पेटीत मिठाने शॉर्ट झाला, आणि वाऱ्याने आग इतर गाड्यांवर गेली. आपला तीन सेलचा पॅक तेवढ्याच व्होल्टचा आहे.

तर बॅटरी भिजली की काय करायचं? आधी मोटरची कांडी शून्यावर, मग कोरड्या हाताने पॅकचा प्लग सोडवायचा. पॅक फुगला, गरम लागला, किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर त्याला फार हाताळू नका. उघड्यावर, फरशीवर किंवा वाळूत, जळेल अशा वस्तूंपासून दूर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा.

पॅक शाबूत असेल, पण पाणी खारं असेल, तर कनेक्टर आणि आवरण गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढा. हे पॅक वाचवण्यासाठी नाही. मीठ निघालं की तो घरी नेईपर्यंत शांत राहण्याची शक्यता वाढते. खाऱ्या पाण्यात बुडालेला पॅक आम्ही पुन्हा चार्ज करत नाही. दोन-अडीच हजार रुपये जातात, जीवावर येतं, पण हा नियम आम्ही मोडत नाही.

तळ्याच्या किंवा टाकीच्या गोड्या पाण्यात क्षणभर भिजला असेल तर थोडी मोकळीक आहे. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. हेअर ड्रायर नको, कडक ऊन नको, आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको. प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि दोन दिवस बाहेर ठेवून पुन्हा मोजा. एखादा सेल इतरांपेक्षा खाली उतरत असेल तर पॅक निवृत्त. सगळं ठीक असेल तर पहिलं चार्जिंग उघड्यावर, समोर बसून, कमी प्रवाहाने. २२०० च्या पॅकला नेहमी २.२ अँपिअर देत असाल, तर या वेळी १ द्या.

इथे एक कळकळीची विनंती. सेल फार खाली गेला की चांगला चार्जर त्याला घेत नाही, चूक दाखवतो. तेव्हा काहीजण निकेल बॅटरीच्या मोडवर लावून त्याला 'जागं' करतात. असं करू नका. चार्जर नाही म्हणतो ते आपल्या भल्यासाठीच.

दुसरा गैरसमज विल्हेवाटीचा. 'पॅक मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, आपोआप रिकामा होतो' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. होतं असं, की धन बाजूची ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कनेक्टरच्या पिना आधी झिजून तुटतात आणि सेल भरलेलाच राहतो. वर आता त्याला जोडायला टोकही उरत नाही! त्यापेक्षा शाबूत पॅक गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बवर, उघड्यावर, लक्ष ठेवून रिकामा करा, टोकांना टेप लावा आणि बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. फुगलेला पॅक बल्बला न लावता, वाळूच्या डब्यात ठेवून, केंद्राला आधी कल्पना देऊन न्या. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटऱ्या जमिनीत पुरणं आणि जाळणं दोन्ही बंद आहे. घंटागाडीत टाकलात तर तो पॅक कुठेतरी दाबला जातो, आणि भोगतो सफाई कामगार.

बोट बांधतानाही थोडं पाहा. पुष्कळ वेळा पाणी बाहेरून येतच नाही, मोटर थंड करणारी सिलिकॉनची नळी आतच निसटते. नळीला प्रत्येक टोकाशी पकड लावा. पॅक तळाला ठेवू नका, उंच पट्टीवर वेल्क्रोने बांधा. बोटीच्या नाकात फोम भरा, म्हणजे ती उलटली तरी तरंगेल. स्पीड कंट्रोलरवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते त्याच्यापुरतं. बॅटरी आणि प्लग त्यात येत नाहीत. आणि पॅक हवाबंद डब्यात कोंडू नका. वायू सुटला तर त्याला वाट हवी.

मागून प्रश्न आलाय, पेटलाच तर पाणी मारायचं का? हो. आधी चार्जरची वीज मुख्य बटणावरून बंद करा. मग भरपूर पाणी, लांबून. ते पॅकला थंड करतं आणि शेजारचं पेटू देत नाही. वाळू आग आवरते, पण थंड करत नाही. धूर मात्र अजिबात घेऊ नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो, पाण्याच्या अंशाशी मिळून तो आम्ल होतो आणि फुप्फुसाला जाळतो. खोली धुराने भरली असेल तर बॅटरी, बोट, सगळं सोडा. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कोरडा दिसणारा पॅक बरा झालेला असेलच असं नाही. तो मीटरने मोजा, दोन दिवस बाहेर ठेवा, आणि पाणी खारं असेल तर त्याला निरोप द्या. आमच्या त्या तरुणाने दुसऱ्या दिवशी चार्जिंगची जागा पलंगाशेजारून उचलून गॅलरीत नेली. तुमची कुठे आहे, ते आज घरी गेल्यावर एकदा बघा.