हौदाच्या कडेला

कऱ्हाडाहून कृष्णेच्या काठाने दक्षिणेस निघाले म्हणजे साताऱ्याची हद्द केव्हा संपली आणि सांगलीची केव्हा लागली, हे उसाच्या फडांवरून ओळखता येत नाही. १९४९ पासून १९६० पर्यंत पलीकडच्या मुलखाचे नावच ‘दक्षिण सातारा’ असे होते, आणि कुस्तीपुरते पाहिले तर हे दोन्ही जिल्हे आजही वेगळे वाटत नाहीत. त्या वाटेवरील एका गावी, माध्यमिक विद्यालयाच्या आवारातील जुन्या तालमीत मी आठ दिवस पहाटे पाचला जाऊन बसत असे. गेलो होतो पैलवान पाहावयास, आणि पाहत राहिलो ते वस्तादांना.

वस्ताद याच विद्यालयाचे विद्यार्थी. सोळाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या तालमीत गेले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन सांगलीच्या एका महाविद्यालयात रुजू झाले, आणि अर्धा दिवस हजेरीपट, प्रवासखर्चाची बिले व मंजुरीची पत्रे यांत, तर उरलेला आखाड्यात, अशा शिरस्त्याने तीस वर्षांची कारकीर्द संपवून, ज्या हौदात त्यांची पाठ प्रथम मातीला लागली होती त्याच हौदाशी परत आले. मोबदला काही नाही. मुले त्यांना ‘आण्णा’ म्हणतात.

दिवसाचा आरंभ हौद उकरण्यापासून होतो. तांबडी चाळलेली माती, तीत वेळोवेळी मुरवलेले ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर. पायांच्या दाबाने ती रात्रीपर्यंत घट्ट बसते, आणि पहाटे मुले फावड्यांनी ती पुन्हा मोकळी करतात. हे उकरणे हाच पहिला व्यायाम. नंतर मारुतीपुढे उदबत्ती, मग जोर, बैठका, सपाटे. या वेळी आण्णा एक शब्दही बोलत नाहीत. केवळ श्वास ऐकतात. कोणाचा दम चाळिसाव्या जोराला तुटतो आणि कोण रात्री उशिरापर्यंत जागला आहे, हे त्यांना कळते, आणि त्यावरच त्या दिवशीच्या लढतींच्या जोड्या ठरतात.

आणि माझ्या मते वस्तादाची सगळी विद्या या जोड लावण्यात साठवलेली आहे. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड हे डाव कोणीही जाणता पैलवान दाखवू शकेल. परंतु कोणत्या मुलाने आज कोणाकडून हरावे आणि कोणावर जिंकावे, हे ठरविण्यास वेगळी दृष्टी लागते. पंधरा वर्षांचा एक मुलगा तीन दिवस एकाच जोडीदाराच्या ‘पट’ या डावात सापडत होता. चौथ्या दिवशी आण्णांनी त्याच्यासमोर त्याच्याहून दहा किलो हलका, पण विलक्षण चपळ मुलगा उभा केला. पहिल्याच झटापटीत तो हलका मुलगाही पट काढून गेला. तेव्हा ते कठड्यावरून उठले, मुलाच्या खांद्यावर चिमूटभर माती टाकली आणि म्हणाले, “हाताकडं बघू नगंस, कमरेकडं बघ. माणूस जाणार तिकडंच आधी कंबर जाती.” मुलगा तोपर्यंत जोडीदाराच्या जोराला भीत होता; खरी अडचण जोराची नसून नजर चुकीच्या जागी असण्याची होती, हे त्याला हलक्या मुलाकडून हरल्यावाचून पटले नसते. सहाव्या दिवशी त्याने पट अडवला.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मुले शाळेच्या सभागृहात मॅटवर असतात. मातीच्या पारंपरिक कुस्तीत चीतपट केल्याखेरीज निकाल नाही. मॅटवर ठरावीक मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि एकेका गुणाचा हिशेब. आता मुलीही येतात. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीस भरली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने विजेतेपदाची गदा जिंकली, हे त्यांच्या घरच्यांनीही पाहिले आहे.

मॅटचा हा आग्रह कशापायी, असे विचारले तेव्हा आण्णांनी भिंतीवरील तसबिरीकडे बोट केले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटचा व तिथल्या नियमांचा सराव नसतानाही ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीत जपानचा मल्ल इशी याच्याशी दीर्घ लढत झाल्यावर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले, कारण त्यांची बाजू मांडणारा आपला अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात.

“डाव शिकवायला माणसं मिळत्यात,” आण्णा म्हणाले, “कडंला उभं राहायला मिळत नाहीत.”

कडेला उभे राहणे म्हणजे काय, ते मी मग त्यांच्या वहीत पाहिले. प्रत्येक मुलाचे दर सोमवारचे वजन, जुनी दुखापत, जन्मदाखला शाळेच्या दप्तरात आहे की नाही, वजनगट कोणता, आणि एका रकान्यात, पंचांशी बोलताना कोणत्या नियमाचा आधार घ्यावयाचा त्याची टिपणे. तीस वर्षे महाविद्यालयात त्यांनी जे कागद सांभाळले, ते वाया गेले नव्हते.

मी निघालो त्या शनिवारी जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. पहाटे साडेचारच्या एस.टी.त सात मुले, दोन मुली, डब्यांची पिशवी आणि मांडीवर ती वही घेतलेले आण्णा बसले होते.