परत येण्याची साधना

सिंगापुरातील हार्बरफ्रंट हे अखंड वर्दळीचे ठिकाण आहे. येथे दोन मेट्रोमार्ग एकत्र येतात, बाटाम बेटाकडे बोटी सुटतात आणि सेंटोसाकडे निघालेली गर्दी व्हिवोसिटी या भव्य विक्रीसंकुलातून वाहत असते. या गर्दीतील बहुतेकांची नजर मात्र हातातल्या पडद्यावर खिळलेली असते.

येथून जवळच, कांपोंग बारू मार्गालगतच्या टेकडीवर, १९२९ साली उभारलेले संत तेरेजचे चर्च आहे. त्याच्याच परिसरात १९३८ साली स्थापन झालेला कार्मेल संघाचा मठ आहे. या संघातील भगिनी मठाच्या आवारातच राहतात आणि दररोज दोन तास मौन प्रार्थनेत घालवतात. ही शिस्त आव्हिलाच्या संत तेरेसाने (१५१५–१५८२) सोळाव्या शतकात घालून दिली. १५६२ साली तिने सुधारित कार्मेलचा पहिला मठ स्थापन केला.

अशा मठात मन आपोआप स्थिर होत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. तेरेसाचा अनुभव निराळा आहे. कित्येक वर्षे प्रार्थनेत बसल्यावर आपले कान घड्याळाच्या ठोक्याकडे लागलेले असत, अशी कबुली तिने आत्मचरित्रात दिली आहे. तेव्हा ना भ्रमणध्वनी होता, ना समाजमाध्यमे. तरीही मन भटकतच होते. आजच्या यंत्रांनी हा दोष निर्माण केला नाही. त्यांनी त्याचा व्यापार मांडला आहे.

म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत अवधान म्हणजे विचारशून्यता नव्हे. मन भटकले हे ओळखावे आणि त्रागा न करता ते ईश्वराकडे परत आणावे. दहा वेळा भटकले तर दहा वेळा आणावे. हे परत येणे हीच साधना. टेकडीवरच्या चर्चला जिचे नाव आहे, त्या लिझ्यूच्या संत तेरेजचे (१८७३–१८९७) उदाहरण बोलके आहे. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणाऱ्या एका भगिनीच्या सततच्या बारीक आवाजाने ती हैराण होई. अखेर तिने तो आवाज टाळण्याचा प्रयत्न सोडला आणि एखादे संगीत ऐकावे तसा तो लक्षपूर्वक ऐकून ईश्वराला अर्पण केला.

विसाव्या शतकात सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने हाच धागा पुढे नेला. एकाग्र अभ्यासाने जी वृत्ती घडते, तीच प्रार्थनेत आणि दुःखिताची विचारपूस करताना उपयोगी पडते, असे तिने १९४२ साली मांडले. मराठी मनाला हे परके नाही. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एक अवधानच मागितले आहे.

या साधनेची खरी कसोटी प्रार्थनागृहाबाहेर लागते. परदेशी असलेला मुलगा गावाकडच्या आईशी फोनवर बोलत असतो आणि त्याचे डोळे दुसऱ्या पडद्यावर असतात. त्याचे हुंकार किंचित उशिरा येतात. आईला ते कळते, पण ती बोलत नाही. त्याच क्षणी दुसरा पडदा मिटून तिच्या बोलण्याकडे परत येणे, ही या साधनेची पहिली पायरी ठरू शकते.