लुगड्याची रचना

रेषा, आकार, रंग आणि पोत ही वस्त्ररचनेची मूलतत्त्वे. ती अंगावर कशी मांडायची, हे प्रमाण, तोल आणि लय यांवर ठरते. भोर-वेल्ह्याच्या मावळी गावांत थोरल्या पिढीतल्या बायका नेसतात त्या नऊवारी लुगड्यात ही सगळी तत्त्वे एकही टाका न घालता उतरतात.

लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब, दोन्ही कडांना काठ. नेसल्यावर हाच काठ दिशा बदलत जातो. छातीवरून तो तिरपा खांद्याकडे चढतो, पोटऱ्यांना वळसा घालतो आणि कासोट्याबरोबर, म्हणजे पायांमधून मागे खोचलेल्या भागाबरोबर, कमरेपर्यंत उभा जातो. रेषा एकच, पण बाई चालू लागली की ती हलती वाटते. रुंद काठ आडवा पडला की उंची कमी भासते, म्हणून ठेंगण्या बांध्याला बारीक काठ शोभतो.

इरकली लुगड्यात रंगाचा विचार विशेष पक्का. हे कापड मूळचे कर्नाटकातल्या इळकलचे. अंग गर्द निळे, हिरवे किंवा डाळिंबी, तर पदर तांबडा, त्यावर पांढरी नक्षी. पदराचे उभे धागे वेगळे असतात. ते अंगाच्या धाग्यांत फासे अडकवून जोडतात, आणि आडवा धागाही तांबडाच घालतात. त्यामुळे पदराचा रंग निर्भेळ उठतो आणि नजर आधी तिथेच जाते. पदर एकाच खांद्यावर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. पण समोरच्या निऱ्यांचा भार तोल सांभाळतो.

चोळी खणाची. खणाच्या बारीक बुट्ट्या ठरावीक अंतराने येतात, ती लय. सुती लुगड्याच्या मऊ पोताशेजारी खणाची चकाकी खुलते. बाहीच्या टोकाला काठ आला की चोळी आणि लुगडे एकमेकांची वाटतात.

शोभेइतकाच इथे कामाचा हिशेब आहे. भातलावणीला चिखलात दिवसभर वाकायचे, तर कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचता येते आणि गर्द रंगावर डाग कमी दिसतात. पावसासाठी वरून इरले, म्हणजे डोक्यापाठीवर घ्यायचे आच्छादन.

आता लग्नसमारंभात शिवलेली नऊवारी चालते. ती घालायला सोपी, फोटोत नीटनेटकी. पण तिच्या निऱ्या कायमच्या बसवलेल्या असतात. काठ कुठे वळवायचा आणि कमरेशी खोचलेल्या निऱ्यांचा ओचा किती सोडायचा, हे नेसणारीच्या हातात उरत नाही.