पीक विमा : कापणी प्रयोगात खरेपणा का?



समजा, खांडबारा भागात भाताच्या पीक कापणी प्रयोगासाठी तुमचे शेत निवडले गेले. पीक बरे आहे. शेजारी म्हणतो, "भाऊ, खडकाळ कोपरा दाखव. उतारा कमी निघाला की सगळ्या मंडळाला भरपाई!" काय कराल? तीन प्रश्न स्वतःला विचारा.

1) परिणाम काय? उंबरठा उत्पन्न काढताना मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षे धरतात. एखादे खोटे वर्ष सुटेल. पण सवय लागली की उंबरठाच खाली येतो. मग खऱ्या दुष्काळात भरपाई कमी बसते.

2) कर्तव्य काय? विमा हा विश्वासाचा करार आहे. खरिपाच्या भाताला शेतकऱ्याचा हप्ता जास्तीत जास्त 2 टक्के. वरचा भार केंद्र व राज्य सरकार उचलते, म्हणजे तो पैसाही जनतेचाच.

3) हेच चावडीवर चारचौघांत सांगता येईल का?

हेच प्रश्न विम्याच्या माणसांनाही लागू. कंपनीच्या प्रतिनिधीने भरघोस कोपरा शोधू नये. केंद्रचालकाने पडीक जमिनीवर पीक लिहू नये. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपात 1 रुपयात विमा सुरू झाला आणि 2025 मध्ये बंद झाला. बोगस अर्ज हे त्याचे एक कारण. लबाडी थोड्यांची, भुर्दंड सर्वांना!

म्हणून प्रयोगाच्या दिवशी स्वतः हजर राहा. प्लॉटची जागा नियमानेच ठरू द्या. वजन डोळ्यांदेखत करून घ्या आणि आकडा वाचूनच सही करा.