अनर्थदंड टाळणारे घर

सावित्रीच्या खाडीकाठचे दासगाव हे एके काळचे बंदर. पाण्याची दोन्ही रूपे या गावाला ठाऊक आहेत. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगावसह महाड तालुक्यातील जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळल्या आणि माणसांसह घरे गाडली गेली. याच तालुक्यातील डोंगरवाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत मात्र टँकरची वाट पाहावी लागते. हा ताळेबंद जुळत नाही, हे कोणीही व्यापारी सांगेल.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे, यांस शास्त्रकार प्रमादाचरण म्हणतात. गृहस्थाला संसारातील सर्व हिंसा टाळता येत नाही. निष्प्रयोजन हिंसा मात्र निश्चित टाळता येते. पर्यावरणपूरक घराचा पाया हाच आहे.

प्रथम पाणी. या भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर दीड लाख लिटर. त्यातील केवळ १०,००० लिटर टाकीत साठवून मार्चपर्यंत राखले, तर धुण्याभांड्यासाठी रोज १०० लिटरप्रमाणे १०० दिवस पुरतात. तोवर मृगाचा पाऊस दाराशी येतो. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे दुहेरी सुती वस्त्रातून गाळून घ्यावे आणि टाकीचे झाकण घट्ट ठेवावे. उघड्या टाकीत डास होतात व पुढे ते मारण्याचा दोष आपल्याच पदरी येतो.

दुसरी पृथ्वी. सपाट जागी शोषखड्डा उपकारक ठरतो. तीव्र उतारावर मात्र मुरलेले पाणी माती सैल करते. तेथे टाकीचे वाहते पाणी पक्क्या गटारातून खाली न्यावे. अंगण वाढवण्यासाठी डोंगराचा पायथा कापू नये. बांधावर वाळा लावावा. त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात.

तिसरा अग्नी. ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास वापरल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. घर आणि दुकान मिळून असे दहा दिवे बदलले, तर ९३० युनिट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील तीन किलोवॅटच्या सौरसंचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. कर्ज काढून संच बसवावयाचा असल्यास मासिक हप्ता आणि वीजबिलातील बचत समोरासमोर मांडून मगच निर्णय घ्यावा.

येत्या चातुर्मासात प्रत्येक कुटुंबाने एक नियम घ्यावा. घरखर्चाच्या वहीत एक पान राखून दरमहा पाणी, वीज व घरात आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांची नोंद करावी. वर्षअखेरीस नफा किती झाला हे आपण आवर्जून पाहतो. सर्व जीवांची क्षमा मागण्याच्या दिवशी हे पानही उघडून पाहावे.