सदतीस वर्षांचा तात्पुरता माणूस

उत्तर प्रदेशातील एक वेल्डर १९६५ साली सरकारी कामावर लागला. जेथे काम निघे तेथे त्याची बदली होई. २००२ साली त्यास पंप ऑपरेटर म्हणून कायम करण्यात आले आणि जानेवारी २००७ अखेर तो निवृत्त झाला. पेन्शनीचा हिशेब मांडला तेव्हा कायम नोकरी पुरी पाच वर्षांचीही भरेना. मग आधीची सदतीस वर्षे गेली कोठे?

ती 'वर्कचार्ज' या एका शब्दात गेली. कायम नोकराचा पगार खात्याच्या आस्थापनेतून निघतो. वर्कचार्ज माणसाचा मात्र त्या त्या पुलाच्या वा कालव्याच्या अंदाजपत्रकातून, खडी आणि सिमेंट यांच्याच रांगेत. काम संपले की कागदावर नोकरी संपली. दुसऱ्या कामावर पुन्हा तोच माणूस उभा! हा काळ पेन्शनीस धरू नये, असे त्या राज्याचे १९६१ चे नियम सांगत.

२ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा काळ धरावयास लावला. एवढेच नव्हे, तर तीस-चाळीस वर्षे राबून कधीच कायम न झालेल्यांसही कायम आस्थापनेतून निवृत्त झाल्याप्रमाणे पेन्शन द्यावी, असे सांगितले. पगारातील मागील फरक मात्र नाकारला. पेन्शन ही मेहरबानी नव्हे, हे त्याच न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले होते. तथापि निकालानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि २०२१ मध्ये त्याचा कायदा केला : नियमानुसार भरलेल्या जागेवरील सेवाच धरावयाची, आणि तीही १९६१ पासून!

आपल्या सीमाभागासही हा प्रश्न नवा नाही. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बांधकाम खात्याच्या रोजंदारी नोकरांच्या दाव्यात १९९० साली न्यायालयाने टप्प्याटप्प्याने कायम करण्याची योजना मान्य केली. पुढे २००६ मध्ये, कर्नाटकातूनच गेलेल्या दुसऱ्या खटल्यात, पाच न्यायाधीशांनी केवळ दीर्घ सेवेने कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे ठरविले. मंजूर जागेवर दहा वर्षे काढलेल्यांपुरती एकवार सवलत ठेवली. या निकालाची ढाल करून जुन्या नोकरांस डावलू नये, असे न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले, आणि केंद्रीय जल आयोगातील झाडूवाल्या बायांस व माळ्यास कायम करविले.

ज्या घरात असा रोजंदारी नोकर आहे, तेथे पहिल्या नेमणुकीचा कागद, बदलीचे हुकूम आणि पगाराच्या पावत्या ट्रंकेत जपून ठेवाव्यात. कामाची पहिली तारीख बहुधा नोकरालाच सिद्ध करावी लागते.